पितळेचा मुलामा

१

"हीच ती," परीक्षित बेलसरे म्हणाला आणि त्याने एक प्लास्टिकची डबी टेबलावरून मधुमती देवस्थळींकडे सरकवली.

डबीत काडतुसाची एक रिकामी पुंगळी होती. पिवळी, करंगळीपेक्षा थोडी बारीक. बुडाची कड एका बाजूने फाटलेली आणि अंग ओरबाडलेलं. शुक्रवारी दुपारी ती रायफलच्या चेंबरमध्ये, काडतूस बसतं त्या खोबणीत, अशी काही रुतून बसली की शेवटी नळीतून सळई घालून ठोकून काढावी लागली. तिच्यापायी एक मोठी चाचणी कोलमडली होती, आणि वीर राजाध्यक्ष नावाच्या सव्वीस वर्षांच्या मुलावर खोटारडेपणाचा ठपका आला होता.

मधुमतींनी चष्मा पुसला. एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत धातुशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण लोक अजून मोडक्यातोडक्या वस्तू घेऊन त्यांच्याकडे येत. तुटलेला क्रेनचा हूक, तडा गेलेली चर्चची घंटा, एकदा तर कुणाचा तरी स्टीलचा खुबा. अशी वस्तू समोर आली की मधुमतींना चहाचीही शुद्ध राहत नसे. आज त्या बस पकडून शहराबाहेर पेंटलंडच्या टेकड्यांपाशी आल्या होत्या, बंदुका आणि काडतुसं तपासणाऱ्या ऑल्डहिल टेस्ट हाऊसमध्ये. सेमी-ऑटोमॅटिक रायफली ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला बाळगता येत नाहीत. खास परवाना असलेल्या अशा मोजक्या जागीच त्या असतात. परीक्षित इथला प्रमुख.

"नीट पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या.

"मधुमतीताई, काडतुसांच्या पुंगळ्या वर्षानुवर्षं पितळेच्या करतात. पोलादाची पुंगळी स्वस्त पडते, पण बदनाम आहे. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एक गोळी सुटली की तिच्याच जोरावर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचं काडतूस आत येतं. पुंगळी अडकली की सगळं ठप्प. मेडनहेडच्या एका कंपनीने नवी पोलादी पुंगळी केलीय. गंजू नये म्हणून वरून पितळेचा पातळ मुलामा. ती भरवशाची आहे का, हे आम्ही तपासत होतो."

"आणि ती अडकली."

"अशी अडकली की तसं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. रायफल उघडली तर चेंबरमध्ये काजळीचा थर. सकाळी रायफल साफ करणं वीरचं काम. तो म्हणतो, केली होती. कंपनीचं म्हणणं, केली नाही आणि खोटं सांगतोय." परीक्षितने कपाळ चोळलं. "परवान्याच्या अटीप्रमाणे आज संध्याकाळपर्यंत मला पोलिसांना कळवायचंय. या धंद्यात एकदा का 'खोटं बोलला' असं लागलं, की त्या पोराच्या हातात पुन्हा कुणी शस्त्र देणार नाही."

मधुमतींनी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या फ्रिजवर पोस्टकार्डं लावलेली होती. त्या उठल्या, एका पोस्टकार्डावरचा चुंबक काढून घेऊन आल्या आणि डबीतल्या पुंगळीजवळ नेला.

काहीच झालं नाही. त्यांनी चुंबक पुंगळीला अगदी टेकवला, उचलला. पुंगळी डबीतच पडून राहिली.

"परीक्षित," त्या सावकाश म्हणाल्या, "पोलादाला चुंबक चिकटतो ना रे?"

२

परीक्षितने चुंबक हिसकावूनच घेतला. टेबलाच्या पायाला लावून पाहिला, टक् करून चिकटला. पुंगळीला लावला, नाही.

"ही पितळेची आहे," तो म्हणाला. "अख्खी पितळेची. पण इथे पितळी आली कुठून?"

"ते तू मला सांग. इथे पितळी काडतुसं आहेत का?"

होती. तुलनेसाठी त्याच कंपनीने तेच काडतूस पितळी पुंगळीतही पाठवलं होतं. बुडावरचा शिक्का तोच, रंग तोच. त्यांची चाचणी पोलादाची संपल्यावर व्हायची होती. दोन्हींची खोकी एकाच शेडमध्ये, शेजारशेजारच्या फळ्यांवर.

झडलेल्या पुंगळ्या मॅगझीनवार, म्हणजे रायफलीला लावायच्या काडतुसांच्या प्रत्येक पेटीमागे एक, अशा पिशव्यांत भरून ठेवलेल्या होत्या. मधुमतींनी पिशव्या टेबलावर ओतायला सुरुवात केली. सकाळच्या सगळ्या चुंबकाला झुंबरासारख्या लटकल्या. जेवणानंतरच्या पहिल्या पिशवीतली मात्र एकही हलेना. दुसऱ्या पिशवीतलीही नाही. तिसऱ्या, चौथ्या, शेवटपर्यंत तेच. आणि जसजसं पुढे जावं तसतशा त्यांच्या बुडाच्या कडेवरच्या ओरखड्यांच्या खुणा खोल होत गेलेल्या. जणू रायफल प्रत्येक पुंगळीला जास्त जास्त ताकदीने ओढून काढत होती.

मग त्यांनी शेडमधून 'पितळी' असं लिहिलेली खोकी मागवली. काडतुसांच्या बुडाला चुंबक लावला. टक्. टक्. टक्.

"कुणीतरी अदलाबदल केली," परीक्षित म्हणाला आणि खुर्चीत बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ काय होतो?"

"मला धातू कळतात, रायफली नाही. तू सांग."

"गोळी उडताना पितळ फुगतं, चेंबरला घट्ट बसतं, आणि लगेच आक्रसून सुटतं. पोलाद तेवढं फुगत नाही. त्यामुळे धूर बाजूने मागे शिरतो, चेंबरमध्ये काजळी बसते. पोलादाला तिचं काही वाटत नाही, ते चालत राहतं. पण तशा काजळलेल्या चेंबरमध्ये साफ न करता पितळ घातलंत, तर ते त्या काजळीवर फुगतं आणि धरून बसतं. काजळी वीरच्या आळसाची नव्हतीच. सकाळभर पोलाद झाडल्यावर ती असणारच! मीही पुंगळी पोलादाचीच धरून चाललो होतो. पोलाद अडकलंय म्हणजे काजळी नेहमीपेक्षा जास्तच असणार, असं मलाही वाटलं."

"म्हणजे ज्याला रायफल अडकवायचीय, त्याने पोलादानंतर पितळ घालावं."

"हो." परीक्षितने डबीचं झाकण लावलं. "आणि हे या देशात ज्याने सगळ्यात मोठ्याने सांगितलंय, तो मी आहे. पोलादी पुंगळीविरुद्ध दहा ठिकाणी बोललोय. तिला नापास करायचं माझ्याइतकं कारण कुणालाच नाही."

३

वीर बाहेर बाकावर बसला होता. पाऊस नव्हता, पण हवेत ओल होती आणि त्याच्या जाकिटावर बारीक थेंब जमले होते. लंडनच्या हॅरोत जन्मलेला, वाढलेला मुलगा. मधुमती मराठीत बोलल्या तसा तोही नेटाने मराठीतच बोलू लागला.

"आँटी, मी सकाळी स्वतः क्लीन केला होता रायफल. प्रॉमिस. पण कोणीच बिलीव्ह करत नाही. मम्मीला तर सांगितलाच नाही अजून."

"शुक्रवारी काय काय झालं, आठवेल तसं सांग."

"सकाळी दोन छोटे स्टॉपेज झाले. काडतूस वरती नीट आलाच नाही, दॅट्स ऑल. हाताने क्लिअर केला, पुढे चालू."

"दोन्ही वेळा मॅगझीन कुठलं होतं?"

वीर थबकला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "सेम वन. लाल टेपवाला. त्याची स्प्रिंग थोडी सॉफ्ट वाटत होती. मी लंचनंतर तो बाजूला ठेवला."

"आणि दुपारी?"

"दुपारी वेगळाच फील होता. रायफल जड चालत होती, स्लगिश. मला वाटला गरम झाली असेल. मग ती अडकली." त्याने तळहात जाकिटाला पुसले. "स्टीलमध्ये असा होत नाही, आँटी. असा ब्रासमध्ये होतो, डर्टी चेंबर असला की. फिओनाने पहिल्याच दिवशी सांगितला होता, स्टीलनंतर ब्रास नेव्हर, क्लीन केल्याशिवाय नाही."

पितळेचं नाव त्याच्यापुढे मधुमतींनी काढलंच नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो अगदी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होता.

"लंचमध्ये शेडपाशी कोण होतं?"

"फिओना आणि मी तर बाहेर होतो. मेंढ्या!" वीर पहिल्यांदाच हसला. "पूर्ण कळप फायरिंग रेंजवर आला होता. हाकलता हाकलता फिओना गुडघ्यापर्यंत चिखलात."

४

फिओना मॅकराय शस्त्रागार सांभाळत असे. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, मोजकं बोलणारी बाई. एका जुन्या रायफलला तेल देता देता तिने उत्तरं दिली.

"शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कुठे होता?"

"शेडमध्ये. काडतुसांपाशी. नियम आहे."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ, डॉक्टर."

दाराशी एक रबरी बुटांची जोडी होती, वरपर्यंत वाळलेल्या चिखलाने माखलेली. मधुमती फक्त तिकडे पाहत राहिल्या. फिओनाचा तेलाचा हात थांबला.

"मेंढ्या," ती शेवटी म्हणाली. "कुणाच्या तरी अंगावर गोळी गेली असती तर? मेंढीच असली म्हणून काय झालं. धावले मी. दाराला कुलूप घालायचं राहिलं." तिने तेलाचं फडकं खाली ठेवलं. "इतक्या वर्षांत एकदाही असं झालं नाही. आणि तो मुलगा भोगतोय. मला वाटलं, दाराचा आणि अडकण्याचा काही संबंध नाही, मग कशाला सांगायचं?"

"शेडकडे कोण जाऊ शकलं असतं?"

"परीक्षित त्याच्या ऑफिसात होता, शेडला लागून. आणि ती मेडनहेडची मुलगी फोनवर बोलत अंगणात फेऱ्या मारत होती."

म्हणजे दोघंच उरले. एक, ज्याला पोलाद नापास व्हायला हवं होतं. आणि दुसरी, जिने ती पोलादी पुंगळी घडवली होती. ती कशाला स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेईल? मधुमती अंगणात आल्या, तर ऑफिसच्या खिडकीत परीक्षित उभा होता. त्यांच्याकडे बघून त्याने मान फिरवली.

५

ती मेडनहेडची मुलगी, ईशिता सबनीस, कँटीनमध्ये सँडविचसमोर बसली होती. सँडविचचा त्रिकोण जसाच्या तसा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात परीक्षित तिच्या बराच पुढे होता. तिने चाचणीसाठी ऑल्डहिल निवडलं ते त्याच्यामुळेच.

"परीक्षितसर पोलादाच्या कट्टर विरोधात आहेत ना, म्हणून," ती म्हणाली. "त्यांनी पास केलं असतं तर जगात कुणी शंका घेतली नसती. पाच वर्षं मी या एका पुंगळीवर घालवली, मॅडम. पत्रा कसा खेचायचा, मुलामा किती द्यायचा, भिंत कुठे जाड ठेवायची. घरचे हसतात मला."

"तू स्वतः कधी रायफल चालवलीस?"

"छे! मी पुंगळ्या घडवणाऱ्या प्रेसवरची. आमच्या लॅबमध्ये एकेक काडतूस पक्क्या बसवलेल्या, साफ नळीतून उडवतात, मी काचेपलीकडून आकडे बघते."

"सकाळी दोनदा अडकलं, तेव्हा काय वाटलं?"

ईशिताने सँडविचचं कव्हर चुरगळलं. "वाटलं, संपलं. पोलाद ते पोलादच. पितळी असत्या तर एकदाही अडकल्या नसत्या."

"आणि दुपारी, शेवटची अडकली तेव्हा?"

"ते वेगळं," ती चटकन म्हणाली. "तो पुंगळीचा दोष नव्हताच. असूच शकत नाही. रायफल साफ नव्हती, दुसरं काही नाही." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "वीरचं काय होणार, मॅडम? खूप शिक्षा होईल का?"

मधुमतींनी चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता. त्या कपाकडे बघतच राहिल्या, आणि मग एकाएकी उठल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना एकदमच सांगते."

६

परीक्षितच्या ऑफिसात पाच जणांना जेमतेम जागा होती. वीर दाराला टेकून उभा राहिला. मधुमतींनी चुंबकाचा प्रयोग सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवला. वीरने "ओ माय गॉड" म्हणून डोक्याला हात लावला. फिओनाने डोळे मिटून घेतले. ईशिता चुंबकाकडे नाही, टेबलाकडे बघत होती.

"म्हणजे मीच," परीक्षित कोरडेपणाने म्हणाला. "सगळे हेच म्हणतील. पोलादानंतर पितळ घातलं की अडकतं, हे मला ठाऊक. ऑफिस शेडला लागून. कारणही तयार."

"मलाही तासभर तसंच वाटलं," मधुमती म्हणाल्या. "पण मग तू मला बोलावून ती पुंगळी स्वतःच्या हाताने का दिलीस? त्या डबीत एखादी झडलेली पोलादी टाकली असतीस तर मी जन्मात ओळखलं नसतं. आणि त्याहून मोठी गोष्ट या पिशव्यांत आहे. चाचणी बिघडवायला किती पितळी काडतुसं लागतात?"

"एक," फिओना म्हणाली. "फार तर मूठभर."

"मग जेवणानंतरची सगळीच्या सगळी कशाला बदलली? पहिल्यापासून शेवटपर्यंत? घातपात करणारा कमीत कमी हात लावतो, म्हणजे सापडायची भीती कमी. सगळं बदलतो तो, ज्याला एकही धोका घ्यायचा नसतो." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "चाचणी बिघडवायला नव्हती ही अदलाबदल. चाचणी पास व्हावी म्हणून होती."

बाहेर लांब कुठेतरी मेंढी ओरडली.

"इथल्या तिघांना पोलादानंतर पितळ अडकतं हे माहीत आहे. परीक्षितला, फिओनाला, आणि फिओनाने शिकवल्यामुळे वीरला. त्यांच्यापैकी कुणी पास करायला म्हणून पितळ घातलं नसतं. ते फक्त त्याने घातलं असतं, ज्याला वाटतं की पितळ म्हणजे खात्रीचं." मधुमती आता ईशिताकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "ईशिता, सकाळी अडकलं तेव्हा तू दोष पुंगळीला दिलास. दुपारी अडकलं तेव्हा 'पुंगळीचा असूच शकत नाही' म्हणालीस. एवढी खात्री कुठून आली? तीच पुंगळी, तीच रायफल, तोच दिवस. फरक एकच होता, आणि तो तुला एकटीलाच माहीत होता."

ईशिताने टेबलावरची नजर उचलली.

"दार उघडं होतं," ती म्हणाली. "मी फक्त बघायला गेले होते. दोन्ही खोकी शेजारी. दिसायला एकसारखी, मीच तशी केलेली. हात आपोआप... मला वाटलं, एवढी दुपार निघून जाऊ दे. पुढच्या वेळी मी अजून सुधारेन, अजून चांगली करेन." तिने वीरकडे पाहिलं. "आणि मग पितळ असूनही अडकली. देवाशपथ सांगते, मला खरंच वाटलं तू साफ केली नव्हतीस. पितळ अडकलं म्हणजे चूक रायफलचीच, असंच वाटलं. पण तरी... तुला एकट्याला सोडलं मी. सॉरी."

वीर दारापासून सरळ झाला. मग म्हणाला, "दोन दिवस मी स्वतःलाच विचारत होता. खरंच क्लीन केला का, की फक्त वाटतं. यू नो? मला माझाच भरोसा राहिला नव्हता." एवढं बोलून तो बाहेर निघून गेला. फिओना त्याच्यामागे गेली.

"एक राहिलं," मधुमती म्हणाल्या. त्यांना ते सांगावंसं वाटत नव्हतं, पण न सांगून चालणार नव्हतं. "सकाळी ती दोनदा अडकली ते. दोन्ही वेळा मॅगझीन एकच होतं. त्याची स्प्रिंग ढिली झालीय. परीक्षित तपासेलच. पण त्यात पुंगळीचा काही संबंध नव्हता, ईशिता. तुझ्या पोलादाने सकाळभर एकदाही दगा दिला नव्हता."

ईशिताने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली.

७

त्या संध्याकाळी परीक्षितने पोलिसांना कळवलं ते वेगळंच. वीरचं नाव त्यात होतं ते निर्दोष म्हणून. कुलपाचं फिओनाने स्वतःच सांगितलं. तिला लेखी ताकीद मिळाली आणि तिने ती निमूट घेतली. ईशिताला कंपनीने त्या कामावरून काढलं, पाठोपाठ तिने नोकरीही सोडली. चाचणी पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरलं, आणि या वेळी परीक्षितने मधुमतींना आग्रहाने बोलावून घेतलं.

एप्रिलचा स्वच्छ दिवस होता. कानांवर जाडजूड संरक्षक कानटोप्या चढवून मधुमती बाजूला बसल्या होत्या. वीर शांतपणे झाडत होता. सुटलेल्या पुंगळ्या उन्हात चमकत बाजूला उडत होत्या. रायफल काळीठिक्कर होत गेली, पण तिची लय मोडली नाही. काम संपल्यावर परीक्षितने कानटोप्या काढल्या आणि कितीतरी वेळ टेकड्यांकडे बघत राहिला.

"एवढी वर्षं मी चुकीचं बोलत होतो," तो म्हणाला. वाईट वाटलेल्या माणसाचा स्वर नव्हता तो. उलट कुणी नवीन काही दाखवल्यावर माणूस बोलतो तसा होता. "निदान या पुंगळीबद्दल तरी."

दोन दिवसांनी मधुमती भाजी चिरत असताना मेडनहेडहून फोन आला.

"मॅडम, मी ईशिता. तुमचा नंबर परीक्षितसरांकडून घेतला. त्यांना विचारायचा धीर झाला नाही." ती थांबली. "कशी चालली?"

"चालली."

"म्हणजे, किती वेळा अडकली?"

"एकदाही नाही, ईशिता."

"एकदाही?"

"दिवसभरात एकदाही नाही. चांगली होती गं तुझी पुंगळी. पहिल्यापासून चांगली होती."

मधुमतींनी सुरी खाली ठेवली, खुर्ची ओढून घेतली आणि फोन कानाशी धरून नुसत्या बसून राहिल्या.